नवऱ्याने लिहावं म्हणून नोकरी केली, त्याच नोकरीतून ‘मुक्तांगण’ उभं राहिलं : डॉ. अनिता अवचट यांची गोष्ट

हिंगोली जिल्ह्यातला वारंगा फाटा. इथून एक रस्ता नांदेडला जातो, एक कळमनुरीवरून हिंगोलीला आणि एक हदगाव, यवतमाळ करत नागपूरला. १९८६ साली हिंगोली हा वेगळा जिल्हासुद्धा नव्हता, हा सगळा भाग परभणीत मोडायचा. त्या काळात इथल्या एखाद्या घरातला कर्ता माणूस दारूपायी पार हाताबाहेर गेला, तर त्याला घेऊन जायचं कुठे?

आधी गळ्यात माळ घातली जायची. मग देवापुढे शपथ, मग अंगारे-धुपारे. त्यानेही भागलं नाही तर भावकीतली माणसं मिळून मार द्यायची. सगळं करून झालं की डॉक्टर. पण कोणता डॉक्टर? राज्यात सरकारी मनोरुग्णालयं चारच : ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. मराठवाड्यात एकही नाही. म्हणजे फाट्यावरून एक तर नागपूरची गाडी धरायची, नाहीतर पुण्याची. एवढा प्रवास करून पोचायचं ते मनोरुग्णालयाच्या फाटकाशी, आणि व्यसनासाठी म्हणून वेगळी सोय तिथेही सहसा नसायची.

त्या चारांपैकी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी एक लहानसं केंद्र सुरू झालं. उद्घाटनाला पु. ल. देशपांडे होते. केंद्राचं नाव ‘मुक्तांगण’. महाराष्ट्राला ते अनिल अवचटांचं मुक्तांगण म्हणून माहीत आहे, आणि त्यात चूक काही नाही. पण मुक्तांगणमधले जुने लोक ‘मोठ्या मॅडम’ असं म्हणतात तेव्हा ते ज्यांच्याबद्दल बोलत असतात, त्या म्हणजे तिथल्या मनोविकारतज्ज्ञ आणि अनिल अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट. त्यांना जाऊन आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. हे केंद्र चालतं कसं हे समजून घ्यायचं असेल, तर सुरुवात त्यांच्यापासून करावी लागते.

बाहेर अनिता, घरात सुनंदा

नावापासूनच गोंधळ आहे. रुग्णांच्या आणि सरकारी कागदांच्या दृष्टीने त्या डॉ. अनिता अवचट. अनिल अवचटांच्या वाचकांच्या दृष्टीने मात्र त्या सुनंदा, कारण नवऱ्याच्या लेखनात त्या याच नावाने येतात. त्यांच्या जाण्यानंतर अवचटांनी जे लिहिलं त्याच्या शीर्षकातही सुनंदा हेच नाव आहे.

ही गोष्ट वाटते तेवढी किरकोळ नाही. डॉ. अनितांबद्दल मराठी वाचकाला जे ठाऊक आहे ते बरंचसं नवऱ्याच्या लेखणीतून आलेलं आहे. अवचट प्रेमाने लिहायचे, प्रांजळपणे लिहायचे, स्वतःच्या चुकाही लपवायचे नाहीत. तरीही ते त्यांच्या डोळ्यांना दिसलेलं चित्र. त्यामुळे सुनंदा ही लेखकाची समंजस बायको म्हणून आपल्या मनात बसली, आणि हजारो रुग्णांना दिशा देणाऱ्या उपचारपद्धतीची घडण करणाऱ्या डॉक्टर अनिता जरा मागे राहिल्या.

दोघांची भेट पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजमधली. अनिल जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचे. साठच्या दशकाचा शेवट होता, पुण्यातली कॉलेजं तेव्हा चळवळींनी भारलेली होती. डॉ. कुमार सप्तर्षींची युवक क्रांती दल ही संघटना याच वातावरणातली, आणि अनिल त्या वर्तुळातले. डॉक्टरकीची पदवी हातात आली, पण मन दवाखान्यात रमेना. बिहारमधल्या पूर्णिया जिल्ह्यातली परिस्थिती पाहून त्यांनी लिहिलेलं ‘पूर्णिया’ हे पुस्तक १९६९ साली आलं, आणि पुढचा रस्ता ठरला.

तो रस्ता होता हमाल, विडी कामगार, वाघ्या-मुरळी, दुष्काळात घर सोडून निघालेली माणसं यांच्या मागे फिरण्याचा. यात पैसा नव्हता. आजच्या भाषेत सांगायचं तर पूर्ण वेळ फ्रीलान्स रिपोर्टिंग, तेही मराठीत आणि सत्तरच्या दशकात. कसं भागणार?

भागलं ते डॉ. अनितांच्या पगारावर. घर त्यांनी चालवायचं आणि नवऱ्याने जे करावंसं वाटतं ते करायचं, अशी वाटणी झाली. स्वयंपाक, मुलींचं खाणंपिणं, शाळा यातलं बरंच काम अनिल करायचे. मुक्ता आणि यशोदा या दोघी मुलींना महापालिकेच्या मराठी शाळेत घातलं होतं. दोन डॉक्टरांच्या मुली महापालिकेच्या शाळेत, ही गोष्ट तेव्हाही भुवया उंचावणारी होती. पत्रकारनगरमधल्या त्या घरात महागड्या वस्तू फारशा नसल्या तरी माणसांचा राबता मोठा होता. बासरी, ओरिगामी, लाकडातलं कोरीवकाम हे अवचटांचे छंदही याच घरातले.

ही कथा अनेकदा बायकोच्या त्यागाची म्हणून सांगितली जाते. ते थोडं एकांगी आहे. घर चालवण्यासाठी म्हणून धरलेली ती नोकरीच पुढे डॉ. अनितांचं आयुष्यभराचं काम झाली.

भिंतीच्या आतलं येरवडा

पुणेकरांच्या तोंडी येरवडा म्हणजे दोन गोष्टी, तुरुंग आणि वेड्यांचं हॉस्पिटल. एखाद्याला येरवड्याला पाठवा असं हसत म्हणणारा माणूस यातलं नेमकं काय म्हणतोय हे संदर्भावरून ओळखायचं. तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय राज्यातलं सगळ्यात मोठं, मंजूर खाटा २५४०. शंभर-दोनशे नाही, अडीच हजार.

डॉ. अनिता मनोविकारतज्ज्ञ म्हणून तिथे काम करत होत्या तेव्हा देशात कायदा होता तो १९१२ सालचा, इंग्रजांनी केलेला. त्याच्या नावातच ‘लुनसी’ म्हणजे वेडेपणा हा शब्द होता. रुग्णाला बरं करण्यापेक्षा त्याला समाजापासून वेगळं ठेवण्यावर त्या कायद्याचा भर होता, आणि भरतीची वाट बऱ्याचदा मॅजिस्ट्रेटच्या आदेशातून जायची. नवा मानसिक आरोग्य कायदा १९८७ साली संमत झाला आणि प्रत्यक्ष लागू व्हायला १९९३ उजाडलं.

अशा व्यवस्थेत काम करताना डॉक्टरला एक गोष्ट रोज दिसते. रुग्ण औषधाने शांत होतो, बराही होतो, पण घरी जाऊ शकत नाही, कारण घराने त्याच्यापुरतं दार लावून घेतलेलं असतं. भरती करताना दिलेला पत्ता खोटा निघतो. पत्राला उत्तर येत नाही. मोठ्या मनोरुग्णालयांमध्ये बरे होऊनही वर्षानुवर्षं राहिलेली माणसं असतात ती यामुळेच.

हा प्रश्न ओळखणारे डॉक्टर देशात आधीही होऊन गेले होते. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णासोबत राहायला बोलावलं. घरच्यांनी आजार जवळून पाहिला, काळजी कशी घ्यायची ते शिकले, आणि माणसाला परत घेऊन गेले. भारतीय मनोविकारशास्त्रात कुटुंबाला उपचारात घेण्याचा हा सुरुवातीचा मोठा प्रयोग मानला जातो. डॉ. अनितांनी जे पुढे केलं ते याच वाटेवरचं, फक्त आजार वेगळा होता.

गर्द आलं

१९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात एक नवी पावडर आली. तपकिरी रंगाची, म्हणून ब्राउन शुगर. रस्त्यावरचं नाव गर्द. हे अशुद्ध स्वरूपातलं हेरॉइन. चांदीच्या कागदावर, म्हणजे पन्नीवर ठेवून खालून काडी लावायची आणि निघणारा धूर ओढायचा. सुई नाही, बाटली नाही, तोंडाला वास नाही. घरच्यांना कळेपर्यंत पोरगं पार गुरफटलेलं असायचं.

गर्द इतकं घट्ट का पकडतं? आपल्या मेंदूत वेदना कमी करणारी आणि बरं वाटायला लावणारी रसायनं नैसर्गिकपणे तयार होतात. गर्द त्यांचीच जागा घेतं, कितीतरी जास्त जोराने. काही आठवड्यांत मेंदू त्याच्यावर विसंबून राहायला लागतो. मग गर्द मिळालं नाही की आठ-बारा तासांत अंग मोडून येतं, नाक-डोळे वाहतात, उलट्या-जुलाब होतात, हाडं कोणी पिळतंय असं वाटतं, झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे टोकाला जातं आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरतं. गर्द ओढणाऱ्या पोरांच्या भाषेत याला ‘टर्की’ म्हणतात. मजा म्हणून सुरू झालेलं गर्द पुढे केवळ टर्की टाळण्यासाठी ओढलं जातं. त्यासाठी पैसे लागतात. घरातली भांडी, आईचे दागिने, मग चोऱ्या.

सरकारने १९८५ साली अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा केला, ज्याला आपण एनडीपीएस म्हणून ओळखतो. स्वतःच्या वापरासाठी थोडं गर्द जवळ बाळगलं तरी त्यात तुरुंगवासाची तरतूद होती. म्हणजे मुलगा एकाच वेळी आजारी आणि गुन्हेगार. आईबापांनी त्याला न्यायचं कुठे? मुंबईत फादर ज्यो परेरा यांची ‘कृपा फाउंडेशन’ १९८१ पासून काम करत होती. पण गरज केवढी आणि सोय केवढी!

अवचटांच्या ओळखीतल्या घरांमध्येही हे लोण आलं. त्यांनी नेहमीप्रमाणे शोध घेतला, अड्ड्यांवर गेले, मुलांशी बोलले आणि गर्दवर लेखमाला लिहिली. तीच पुढे ‘गर्द’ या पुस्तकाच्या रूपात आली. लेख वाचून महाराष्ट्र हादरला. हादरलेल्यांमध्ये पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई होते. या दोघांनी आपल्या प्रतिष्ठानातून एक लाख रुपये देऊ केले आणि या मुलांसाठी केंद्र काढा असं सुचवलं. १९८६ सालचे एक लाख म्हणजे लहान रक्कम नव्हे.

आता इथे गोष्ट थांबवून एक प्रश्न विचारायला हवा. लेखमाला अवचटांची, पैसे पुलंचे. पण केंद्र चालवायचं कोणी? टर्कीत तळमळणाऱ्या वीस वर्षांच्या पोराला रात्री काय द्यायचं, किती द्यायचं, तो पळून जायला लागला तर काय करायचं, त्याच्या बापाला काय सांगायचं, हे कोणाला येत होतं? घरात ते येणारी एकच व्यक्ती होती. जागाही त्यांच्याच हॉस्पिटलच्या आवारात मिळाली. लेखमाला आणि देणगी यांच्यापुढे डॉ. अनितांचा अनुभव नसता, तर तो लाख रुपयांचा चेक एका चांगल्या बातमीपलीकडे गेला असता की नाही, शंकाच आहे.

गज नसलेलं हॉस्पिटल

सुरुवात गर्दच्या रुग्णांपासून झाली. पुढे दारूचे रुग्ण वाढत गेले, आणि ते स्वाभाविक होतं, कारण महाराष्ट्राच्या गावागावात खरा प्रश्न दारूचाच.

दारू सोडणं हे गर्द सोडण्यापेक्षा सोपं असेल असा एक समज आहे. शरीराच्या दृष्टीने उलटं आहे. गर्दची टर्की भयंकर त्रासदायक असते, पण निरोगी तरुणाचा जीव सहसा त्यात जात नाही. वर्षानुवर्षं रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकदम थांबवली, तर पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि त्यानंतर भ्रम होऊन भिंतीवर किडे दिसणं, माणसं ओळखू न येणं, ताप चढणं असा प्रकार होऊ शकतो. उपचार नसतील तर माणूस दगावतो. म्हणून घरी कोंडून ठेवून दारू सोडवणं धोक्याचं. हॉस्पिटलमध्ये गोळ्यांचा डोस हळूहळू कमी करत आणि जीवनसत्त्वांची इंजेक्शनं देत हे दिवस पार पाडले जातात.

एवढं करून शरीर आठ-दहा दिवसांत मोकळं होतं. मग आज मुक्तांगणमध्ये ३५ दिवस का ठेवतात? कारण उरलेले दिवस मनाच्या कामासाठी आहेत. पिण्याची ओढ कधी येते, कोणत्या मित्राच्या फोनने येते, पगाराच्या दिवशी काय होतं, बायकोशी भांडण झाल्यावर पाय कुठे वळतात, हे त्या माणसाने स्वतः ओळखायचं. सकाळी व्यायाम, योगासनं, मग गटात बसून बोलणं, समुपदेशन, गाणी, खेळ. साफसफाईची आणि इतर कामं वाटून घ्यायची. यात साहेब आणि शिपाई असा भेद ठेवलेला नाही.

हे सगळं मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झालं ही यातली मोठी गंमत आहे. बाहेर अडीच हजार खाटांची जुनी व्यवस्था, फाटकं आणि कुलपं. आणि त्याच कुंपणाच्या आत एक जागा, जिथे रुग्णाला मारायचं नाही, बांधायचं नाही, अपमान करायचा नाही. व्यसन सोडवायचं म्हणजे माणसाला धाकात ठेवायला हवं, असं मानणारी केंद्रं आजही आहेत आणि तिथल्या मारहाणीच्या बातम्या अधूनमधून येत असतात. डॉ. अनितांनी जे वळण लावलं ते याच्या अगदी उलट. व्यसन हा आजार आहे आणि समोरचा माणूस रुग्ण आहे, हे त्यांनी कामाच्या प्रत्येक पायरीत उतरवलं.

व्यसन हा आजार ही कल्पना काही त्यांनी शोधलेली नव्हती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५६ सालीच दारूच्या व्यसनाला आजार मानलं होतं. पण भारतात, आणि तेही मारकुट्या नवऱ्याला कंटाळलेल्या बाईसमोर बसून, हे पटवणं वेगळं. त्या बाईने वीस वर्षं मार खाल्लेला असतो. तिचे दागिने गेलेले असतात. तिला सांगायचं की तुझा नवरा आजारी आहे? तिला राग आला तर तो चुकीचा कसा म्हणायचा?

इथे डॉ. अनितांचं काम खरं कसाला लागायचं. कारण त्यांच्या दृष्टीने ही बाईसुद्धा त्याच आजाराची रुग्ण होती. घरात एक माणूस पितो तेव्हा सगळं घर त्याच्याभोवती फिरायला लागतं. बायको त्याच्यासाठी ऑफिसात खोटं बोलते, त्याची उसनवारी फेडते, खिसे तपासते, रात्री कान दाराकडे लावून पडून राहते. मुलं मित्रांना घरी आणणं सोडतात. नवरा ३५ दिवसांनी बरा होऊन परत येतो, तर घर अजून जुन्याच भीतीत उभं असतं. तो दहा मिनिटं उशिरा आला की त्याच्या तोंडाचा वास घेतला जातो. मग त्याला वाटतं, प्यायलो काय आणि न प्यायलो काय! म्हणून घरच्यांशी बोलणं हा उपचाराचाच भाग झाला, आणि रुग्णांच्या बायकांचा ‘सहचरी’ नावाचा गट पुढे उभा राहिला. तिथे एका बाईला पहिल्यांदाच कळतं की हे फक्त आपल्या घरात चाललेलं नाही.

बरा झालेला रुग्ण हाच कार्यकर्ता

मुक्तांगणमध्ये काम करणाऱ्यांमध्ये एकेकाळी तिथे रुग्ण म्हणून आलेले अनेक जण आहेत. ही पद्धतही सुरुवातीच्या काळातली. तिच्यामागे एक जुनी कल्पना आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे दोन दारुडे भेटले आणि एकमेकांशी बोलत राहिलं तर दारूपासून लांब राहता येतं हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए ही चळवळ जगभर गेली. आजचा एक दिवस प्यायचं नाही, उद्याचं उद्या, हा तिचा साधा हिशोब.

डॉक्टरांच्या जगात ही कल्पना सहज पचणारी नव्हती. वर्षानुवर्षं शिकून मिळवलेल्या पदवीच्या शेजारी, दहावी नापास झालेला आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत पाकीटमारी करणारा मुलगा समुपदेशक म्हणून बसणार? डॉ. अनितांनी तो बसवला. टर्कीत असलेल्या पोराला धीर देताना, हे जाऊन आलेल्या माणसाच्या शब्दाला जे वजन असतं ते पांढऱ्या कोटाला नसतं. शिवाय अशा माणसाला कोणी नोकरी देत नाही, इथे त्याला कामही मिळालं आणि मानही.

यात धोका होताच. व्यसन परत लागू शकतं, कार्यकर्त्यालाही. या आजारात घसरण ही नेहमीची गोष्ट आहे, मधुमेहाच्या रुग्णाची साखर पुन्हा वाढावी तशी. प्रश्न असतो तो घसरलेला माणूस परत यायला धजावतो का, याचा. बोलणी बसणार असतील तर तो येत नाही, लपतो आणि आणखी खोलात जातो. म्हणून परत आलेल्याला पुन्हा आत घ्यायचं, हे धोरण ठरलं. आणि जो टिकला त्याचं कौतुक करायचं. दारू सोडल्याला एक वर्ष झालं की त्याचा वाढदिवस साजरा करायचा, जन्माचा नव्हे, व्यसनमुक्तीचा. अशा वाढदिवसाला चाळिशीतले गृहस्थ आईच्या पाया पडताना रडतात. बायकोही रडते. मुलं जरा अवघडून उभी असतात.

घरातला आजार

इकडे केंद्र वाढत होतं आणि डॉ. अनितांच्या स्वतःच्या घरात आजारपण ठाण मांडून बसलं होतं. धाकटी मुलगी यशोदा हिला लहानपणापासून एपिलेप्सी, म्हणजे फिट्सचा त्रास. आपल्याकडे फिट आली की चप्पल हुंगवतात, कांदा लावतात आणि मुलीच्या बाबतीत तर लग्न जमणार नाही म्हणून ती गोष्टच दडवतात. या घरात ती दडवली गेली नाही. यशोदा वाकणकर यांनी पुढे एपिलेप्सी असलेल्यांसाठी ‘संवेदना’ हा स्वमदत गट सुरू केला, तोही मुक्तांगणच्याच जातकुळीतला : आजार झालेल्यांनीच एकमेकांना धरून ठेवायचं.

नंतर डॉ. अनितांनाच कर्करोग झाला. उपचार झाले, मधे बरे दिवस आले, आजार पुन्हा उलटला. काही वर्षं हे चाललं. मुक्तांगण ऐन भरात असतानाची ही वर्षं. त्या काम करत राहिल्या.

इथे एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवं. एका माणसाच्या प्रेमावर आणि अनुभवावर उभी राहिलेली संस्था त्या माणसासोबत संपते, हे महाराष्ट्राने अनेकदा पाहिलं आहे. मुक्तांगणचं तसं होण्याची पुरेपूर शक्यता होती. रुग्णांना मोठ्या मॅडम हव्या असायच्या. त्यांच्याशी बोलल्याशिवाय चैन न पडणारे लोक होते. अशा वेळी आजारी डॉक्टरपुढे दोन रस्ते असतात. जमेल तितके दिवस सगळं स्वतःच पाहायचं, किंवा हातात अजून बळ आहे तोवर काम इतरांच्या हाती द्यायचं. डॉ. अनितांनी दुसरा रस्ता घेतला. कार्यकर्ते तयार केले, निर्णय त्यांच्यावर सोपवत गेल्या. मानसशास्त्र शिकलेली मोठी मुलगी मुक्ता त्यांच्या हाताखाली हे काम शिकली. ज्या लोकांना इतर कोणी उंबऱ्यात उभं केलं नसतं, त्यांच्या भरवशावर त्या संस्था सोडून जाण्याची तयारी करत होत्या.

१० फेब्रुवारी १९९७ रोजी डॉ. अनिता अवचट गेल्या.

अनिल अवचटांवर तो घाव मोठा होता. ज्या पगारावर आणि ज्या भरवशावर त्यांचं लेखन उभं राहिलं ते माणूसच गेलं. त्यांनी सुनंदावर लिहिलं आणि ते मराठीत पुष्कळ वाचलं गेलं. घरातल्या बायकोबद्दल नवऱ्याने इतकं उघडपणे लिहिणं आपल्याकडे दुर्मीळच. मुक्तांगणमध्ये ते बाबा म्हणून वावरत राहिले, रुग्णांच्या गप्पा ऐकत, बासरी वाजवत. २७ जानेवारी २०२२ रोजी त्यांचंही निधन झालं.

नंतरचं मुक्तांगण

केंद्राची धुरा मुक्ता पुणतांबेकर यांनी घेतली. मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झालेलं मुक्तांगण आता येरवड्यातच मोहनवाडी भागात स्वतःच्या इमारतीत आहे. केंद्र सरकारने व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातल्या प्रशिक्षणासाठी त्याला विभागीय केंद्राचा दर्जा दिला, त्यामुळे इतर संस्थांचे कार्यकर्तेही इथे शिकायला येतात. २००९ साली स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग सुरू झाला. पुरुषाची दारू घर निमूटपणे सोसतं, बाईची दारू घर लपवतं, त्यामुळे तिला उपचारापर्यंत पोचायला कितीतरी जास्त वेळ लागतो. तो विभाग सुरू व्हायला २३ वर्षं लागली, हेही त्याच गोष्टीचं लक्षण म्हणायचं. मोबाइलचं व्यसन हा अलीकडचा नवा विषय, त्यासाठीही आता पालक मुलांना घेऊन येतात.

महाराष्ट्रातल्या अनेक गावांमध्ये बरे झालेल्यांच्या पाठपुराव्याच्या बैठका होतात. मराठवाड्यातून येणाऱ्याला उपचारासाठी अजूनही बऱ्याचदा पुण्याचीच वाट धरावी लागते. त्याच्यासोबत आलेली बायको नाहीतर आई पहिल्या दिवशी सांगत असते की डॉक्टर, याला चांगला धाक दाखवा. मग तिलाच बसवून घेतात आणि तिची झोप कशी आहे, जेवण जातं का, ते विचारतात.

डॉ. अनितांच्या स्मृतिदिनाच्या निमित्ताने मुक्तांगणतर्फे दरवर्षी ‘संघर्ष सन्मान पुरस्कार’ दिला जातो. तो मिळतो मोठ्या अडचणींशी झगडत उभ्या राहिलेल्या माणसांना, ज्यांची नावं अनेकदा त्या दिवसापर्यंत फारशी कोणी ऐकलेली नसतात.